तवंग गेला, चिखलाचे काय?

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे 800 टन तेल समुद्रात सांडले, कंटेनर लाटांवर तरंगू लागले आणि रायगडच्या किनाऱ्यापर्यंत खारफुटीच्या मुळांना काळा थर चढला. पुढे तवंग विरला, बातम्याही विरल्या.

अशा प्रत्येक गळतीनंतर एक उपाय हमखास सुचवला जातो: तेल खाणारे जिवाणू टाका. हा उपाय खोटा नाही, पण अपुरा आहे. जिवाणू कोणते, याची चर्चा भरपूर होते. त्यांना तिथे ऑक्सिजन किती मिळणार, हे क्वचितच कोणी विचारते.

जिवाणूंचे आकर्षण तसे जुने. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तेल पचवणारा जिवाणू घडवला आणि 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्याचे पेटंट मान्य केले. कायद्याच्या इतिहासात तो अमर झाला, पण खऱ्या गळतीवर त्याला कधी सोडले गेले नाही. तेलावर जगणारे जिवाणू समुद्रात आणि मातीत मुळातच असतात. तेल आले की त्यांची संख्या आपोआप वाढते.

अडते ते श्वासापाशी. हवेशीर पाण्यात हे जिवाणू आपल्या विकरांच्या मदतीने ऑक्सिजनचा अणू थेट हायड्रोकार्बनच्या साखळीत घुसवतात. एकदा ती साखळी फुटली की पुढचे पचन झपाट्याने होते. मात्र एक ग्रॅम तेलाचे पूर्ण ऑक्सिडीकरण व्हायला साधारण 3.4 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि उबदार समुद्राच्या एका लिटर पाण्यात तो जेमतेम 6 ते 7 मिलिग्रॅम असतो. म्हणजे ग्रॅमभर तेलापायी सुमारे 500 लिटर पाण्यातला ऑक्सिजन खर्ची पडतो. मेक्सिकोच्या आखातात 2010 साली ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटाची विहीर 87 दिवस वाहत राहिली. तिथे सुमारे 1,100 मीटर खोलीवर, थंडगार पाण्यातही, जिवाणूंनी तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर ताव मारला. ऑक्सिजन घटला, पण संपला नाही, कारण भोवती अफाट समुद्र होता.

खाडीच्या चिखलात ही चैन नाही. वरचा काही मिलिमीटरांचा थर सोडला, तर खाली ऑक्सिजन जवळपास नसतोच. खारफुटीत पाय रुतला की येणारा सडक्या अंड्याचा वास त्याचीच साक्ष देतो. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून श्वसन करतात. तेल त्यांनाही पचते, पण फार सावकाश, आणि त्यातले काही घटक तर वर्षानुवर्षे तसेच राहतात.

किती वर्षे? अमेरिकेतील वेस्ट फालमाउथ इथे सप्टेंबर 1969 मध्ये ‘फ्लोरिडा’ नावाच्या बार्जमधून सुमारे 7 लाख लिटर इंधन तेल सांडले. वूड्स होल सागरी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तीस वर्षांनंतर तिथला दलदलीचा चिखल तपासला, तेव्हा वरचा थर स्वच्छ होता. खाली वीतभर खोलीपर्यंत मात्र तेल टिकून होते. खेकडेही त्या तेलकट थराच्या वरच बीळ खणणे थांबवत होते.

जमिनीखालची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. मिनेसोटातील बेमिजी गावाजवळ 20 ऑगस्ट 1979 रोजी पाइपलाइन फुटून सुमारे 17 लाख लिटर कच्चे तेल वाहिले. जे काढता आले नाही, ते भूजलापर्यंत झिरपले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 1983 पासून या जागेची प्रयोगशाळाच केली. ऑक्सिजन संपल्यावर जिवाणूंनी मातीतले मँगेनीज आणि लोह वापरले. शेवटी मिथेन तयार करणाऱ्यांची पाळी आली. जिओबॅक्टरसारखे जिवाणू लोहाच्या आधारे टोल्युइन हा तेलातला घटक पचवतात, हे 1989 मध्ये सिद्ध झाले होते. पण या पचनाची किंमतही आहे. लोहाची संयुगे विरघळली, तसे त्यांना चिकटलेले नैसर्गिक आर्सेनिक सुटे झाले आणि भूजलात पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेले. ‘निसर्ग साफ करेल’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने, समोर बॉम्बे हाय, उरणला तेलसाठे आणि मधोमध खारफुटी, अशी मुंबईची रचना आहे. इथे पुढच्या गळतीची तयारी चिखल गृहीत धरूनच करायला हवी. तेल लागलेल्या खारफुटीत माणसांचे जथे घुसवू नयेत. पायांखाली दबलेले तेल ऑक्सिजन नसलेल्या थरात कायमचे मुक्कामाला जाते. चिंबोऱ्यांची आणि निवट्यांची बिळे चिखलात हवा पोहोचवतात, म्हणून ती जपावीत. जिवाणूंची पूड टाकण्याचे कंत्राट देण्यापूर्वी ऑक्सिजन आणि पोषक द्रव्ये मोजावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने गळतीनंतर ठरावीक जागांवरच्या चिखलाचे वीतभर खोलीचे नमुने दरवर्षी, किमान दहा वर्षे, तपासावेत, निकाल जाहीर करावेत आणि त्याचा खर्च गळतीला जबाबदार असलेल्या जहाजमालकाकडून वसूल करावा.