परीक्षा द्यावी, पण कशासाठी ते ठरवून

एसएसएलसीचा निकाल लागला की बेळगावात दोन गोष्टी एकाच वेळी दिसू लागतात. चौकाचौकांत क्लासेसचे मोठमोठे फलक झळकतात आणि बँकांमध्ये सोने तारण कर्जाची चौकशी वाढते. या दोहोंचा संबंध काय, हे बँकेच्या काउंटरमागे दिवस काढणाऱ्या आम्हांसारख्यांना वेगळे सांगावे लागत नाही. मुलगा किंवा मुलगी सायन्सला जाणार, पीयूसीसोबत ‘इंटिग्रेटेड कोचिंग’ घेणार, त्याची फी एकरकमी भरायची आणि त्यासाठी घरातल्या पाटल्या-बांगड्या गहाण पडणार. ही मोठ्या परीक्षांची वाट खरोखर कुठे जाते आणि ती आपल्या मुलांसाठी आहे का, हा प्रश्न मात्र फारच थोड्या घरांत विचारला जातो. तो विचारावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. प्रवेश परीक्षा देणे फायद्याचे आहे. पण परीक्षा देणे ही एक गोष्ट आणि परीक्षेच्या नावाने दोन वर्षे क्लासला बांधून घेणे ही दुसरी गोष्ट. पहिलीला फॉर्मची फी आणि नेटका अभ्यास लागतो. दुसरीला घरची पुंजी लागते. आपण या दोन्ही एकच समजतो आणि तिथेच हिशेब चुकतो.

प्रथम कर्नाटकच्या सीईटीचा विचार करू, कारण आपल्या बहुतेक मुलांचा संबंध तिच्याशीच येतो. इंजिनिअरिंगसाठी या परीक्षेची रँक केवळ सीईटीच्या गुणांवर लागत नाही. पीयूसी द्वितीय वर्षातील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणिताचे गुण निम्मे आणि सीईटीचे गुण निम्मे धरले जातात. सीईटीत प्रत्येक विषयाचे ६० प्रश्न असतात आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

साध्या आकड्यांत पाहा. एका मुलीला पीयूसीत तीन विषयांत ३०० पैकी २७० मिळाले, म्हणजे ९० टक्के. सीईटीत १८० पैकी ९० मिळाले, म्हणजे ५० टक्के. तिचे निम्मे-निम्मे मिळून ७० झाले. दुसऱ्या मुलाला पीयूसीत ३०० पैकी २४० म्हणजे ८० टक्के आणि सीईटीत १२६ म्हणजे ७० टक्के. त्याचे झाले ७५. बोर्डात मागे असलेला मुलगा रँकमध्ये पुढे गेला. म्हणून ‘बोर्डात चांगले मार्क आहेत, सीईटीचे बघू’ असे म्हणणारे फसतात. उलट क्लासच्या नादात कॉलेजला दांडी मारून बोर्डाचे गुण घालवणारेही तितकेच फसतात. अभ्यास दोन्हीचा एकच, पीयूसीच्या पुस्तकांचा. सीईटीला वेग लागतो, आणि वेग जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्यानेही येतो.

ही परीक्षा फक्त इंजिनिअरिंगची नाही. कृषी, फार्मसी, नर्सिंग यांचेही प्रवेश तिच्यातून होतात आणि कृषी शाखेत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या राखीव जागा असतात. खेड्यातल्या आपल्या माणसांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिली ते दहावी कर्नाटकातील ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी सीईटीत १५ टक्के ग्रामीण आरक्षण आहे. ते शाळेच्या माध्यमावर नव्हे, शाळेच्या जागेवर मिळते. म्हणजे मराठी शाळेत शिकलेल्यालाही मिळते. कन्नड माध्यमासाठीचे ५ टक्के आरक्षण वेगळे, ते आपल्या वाट्याला येत नाही. ‘इंग्लिश मीडियम बरे’ म्हणून आठवी-नववीत मुलाला गावातून काढून शहरातल्या शाळेत घालणारे पालक एक हक्काची सवलत आपल्या हाताने सोडून देतात, आणि बहुतेकांना ते कळतही नाही.

दुसरे दार महाराष्ट्राचे. हे दार आपल्याला कोणी मेहेरबानी म्हणून उघडून दिलेले नाही. १९५६ साली आपली गावे आपल्याला न विचारता इकडे टाकली गेली, ८६५ गावांचा दावा आजही उभा आहे आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला खटला अजून निकाली निघालेला नाही. त्या न मिटलेल्या प्रश्नाचीच एक नोंद महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत आहे. विवादित सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना इंजिनिअरिंगच्या प्रवेशात महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. वैद्यकीय शाखेतही सीमाभागासाठी मोजक्या जागा असतात. इंजिनिअरिंगसाठी महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी द्यावी लागते. तिच्यातही चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि अकरावीचा भाग २० टक्के, बारावीचा ८० टक्के असतो. पीयूसी प्रामाणिकपणे केलेल्या मुलाला तिच्यासाठी नव्याने काही शिकावे लागत नाही.

असे असूनही किती जण या सवलतीचा लाभ घेतात? आम्ही पाहतो ते असे की अर्ज भरायची वेळ आली की सीमाभागातील असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला ठराविक नमुन्यात हवा, हे पालकांना पहिल्यांदा कळते. मग धावपळ, मग मुदत संपते. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळायला आपण निष्ठेने रस्त्यावर उतरतो, ते योग्यच आहे. पण जो हक्क कागदावर मिळालेला आहे तो कागद वेळेवर न काढल्यामुळे वाया जावा, याला काय म्हणावे?

तिसरे दार अखिल भारतीय परीक्षांचे: जेईई आणि नीट. गर्दी इथेच आहे आणि खर्चही इथलाच. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली. त्या वेळी देशातील एमबीबीएसच्या जागा सुमारे १ लाख १० हजार होत्या आणि त्यांतल्या सरकारी जागा साधारण निम्म्या. आयआयटीच्या सगळ्या मिळून जागा १८ हजारांच्या आसपास. या आकड्यांनी कोणाला घाबरवायचे नाही. ज्या मुलाला डॉक्टरच व्हायचे आहे त्याने नीट द्यावीच. बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथीसाठीही नीटच लागते, दुसरा मार्ग नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. मुलाचा कल, त्याची गणितातली पकड, त्याची अभ्यासाची बैठक न पाहता केवळ शेजारच्याने घातले म्हणून त्याला या गर्दीत लोटले जाते. जेईई व नीटच्या गुणांत बोर्डाचे गुण मिळवले जात नाहीत, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात आणि प्रश्नांची जातकुळीच वेगळी असते. तिथे अर्धवट तयारीचा उपयोग होत नाही.

काही पालक मुलांना अकरावीपासून लातूरला किंवा कोट्याला पाठवतात. त्यांनी एवढे माहीत करून घ्यावे की एनआयटीच्या प्रवेशात निम्म्या जागा त्या त्या राज्यासाठी असतात आणि विद्यार्थ्याचे राज्य ठरते ते बारावी जिथून उत्तीर्ण झाली त्यावरून. बेळगावातून पीयूसी केलेला मुलगा सुरतकलच्या एनआयटीत ‘घरचा’ ठरतो. बारावी कोट्याहून केली, तर ठरत नाही. फलकावर हे कोणी लिहीत नाही.

आता पैशाचे. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यावर कर्ज मिळते आणि परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण कर्ज आहे आणि कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. हे सारे कॉलेजसाठी. क्लासच्या फीला यातले काहीही लागू नाही. म्हणून लोक सोने तारण ठेवतात किंवा वैयक्तिक कर्ज काढतात. समजा, दोन लाख रुपये ९ टक्क्यांनी घेतले. वर्षाला १८ हजार आणि दोन वर्षांत ३६ हजार नुसते व्याज, मुद्दल तसेच. मुलगा कॉलेजात जायच्या वेळी, जेव्हा खरा खर्च सुरू होतो, तेव्हा घरातले सोने आधीच गहाण पडलेले असते. आम्ही कॉमर्सवाले आहोत, आम्हाला हा व्यवहार तोट्याचा दिसतो. क्लास लावायचाच असेल तर ज्या विषयात मूल कच्चे आहे त्याच विषयाचा लावावा आणि महिन्याच्या पगारात बसेल असा लावावा.

आणि सायन्स न घेणाऱ्या मुलाकडे कमी नजरेने पाहणे आता पुरे. बीए, बीकॉमसाठी आपल्या भागातील कॉलेजांत पीयूसीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. कॉमर्सच्या मुलाला बारावीनंतर सीए फाउंडेशन देता येते. केंद्रीय विद्यापीठांत जायचे असेल तर २०२२ पासून सीयूईटी आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे तिथल्या मुलांना एनडीएची परीक्षा कोणी वेगळी समजावून सांगायला नको. लष्कराच्या शाखेसाठी तर बारावीची कोणतीही शाखा चालते. दहावीनंतर डिप्लोमा करून डीसीईटीमार्फत इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आहे. ती कमी खर्चाची आहे आणि ज्याचा हात यंत्रावर चालतो त्याला मानवणारी आहे.

एक गोष्ट मात्र पालकांच्या हातात नाही, ती सरकारांकडे मागावी लागेल. मराठी शाळेतून आलेले मूल पीयूसीला पहिल्यांदा ‘गतिज ऊर्जा’ सोडून ‘कायनेटिक एनर्जी’ म्हणायला शिकते. त्याला प्रश्न इंग्रजीसोबत मराठीतही वाचता आला तर त्याचा गोंधळ कमी होईल. नीट आणि जेईई मेन १३ भाषांत होतात व त्यांत मराठी आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका मिळते ती महाराष्ट्रातील परीक्षा केंद्रांवर. म्हणजे मराठी मूल बेळगावच्या केंद्रावर बसले की त्याची भाषा गेली! इंदूर, बडोदे, हैदराबादच्या मराठी मुलांचीही हीच गत. हिंदी आणि इंग्रजी देशभर मिळतात, उर्दूही नीटला देशभर मिळते, मग मराठी का नाही? राज्याची सीमा ओलांडली म्हणून मुलाची मातृभाषा बदलत नाही. जिथे मराठी भाषक मोठ्या संख्येने राहतात अशा सर्व शहरांतील केंद्रांवर मराठीचा पर्याय मिळाला पाहिजे. आपल्या खासदार-आमदारांनी आणि महाराष्ट्र शासनाने ही मागणी दिल्लीत लावून धरावी. शिवाय सीमाभागाच्या सवलतीची माहिती व दाखल्यांचे नमुने महाराष्ट्र शासनाने दरवर्षी निकालाआधी इथल्या प्रत्येक मराठी हायस्कुलात पोहोचवावेत. त्याला खटल्याच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपणही काही करायला हवे. प्रत्येक गल्लीत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतली, कचेरीतली माणसे आहेत. मे-जून महिन्यांत गणपतीच्या मंडपासारखाच एक टेबल मांडून चार जण बसले, तर जातीचा व उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून कधी काढायचा, ग्रामीण आरक्षणाला शाळेचे कोणते पत्र लागते, सीमाभागाचा अर्ज कसा भरायचा, एवढे सांगता येईल. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक हातात घेऊनच बसावे.

पालकांनो, परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी मुलाला जवळ बसवून विचारा: तुला काय व्हायचे आहे, आणि त्यासाठी कोणती परीक्षा लागते? त्याला उत्तर देता आले, तर त्या परीक्षेसाठी लागेल तेवढे बळ त्याच्या मागे उभे करा. उत्तर आले नाही, तर त्याला दोन्ही राज्यांच्या सीईटी देऊ द्या, बोर्डाचा अभ्यास नीट करू द्या आणि पाटल्या-बांगड्या कपाटातच राहू द्या.