शोध लागणे आणि शोध लावणे

विद्यापीठाची थोरवी पूर्वी तेथे शिकविणाऱ्यांच्या नावांवरून सांगितली जाई. हल्ली ती पेटंटांच्या संख्येवरून सांगितली जाते. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ मानांकनात पेटंटांना गुण आहेत, आणि २०२१ साली शिक्षणसंस्थांसाठी पेटंटचे शुल्क ८० टक्क्यांनी उतरविण्यात आले. त्यामुळे कातडीच्या विकारावरचे मलम किंवा कर्करोग ओळखण्याची चाचणी अशा गोष्टींवर हक्क नोंदविण्याची घाई आपल्याकडेही दिसते. संशोधकाने आपल्या श्रमांचे फळ राखावे, याला माझी हरकत नाही. परंतु 'आमचा शोध' असे विद्यापीठाने कशास म्हणावे?

आपल्या भाषेत शोध 'लागतो' आणि शोध 'लावला'ही जातो. कोलंबसाला अमेरिकेचा शोध लागला. छपाईच्या यंत्राचा शोध कोणीतरी लावला. एकाच शब्दाच्या या दोन क्रियापदांमध्ये अमेरिकेतील विद्यापीठांचा दोनदा गोंधळ झाला. त्यांपैकी एक गोंधळ आपल्या मिसळणाच्या डब्यावरून झाला.

मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याच्या 'शोधा'चे पेटंट मिळाले. क्रमांक ५४०१५०४. संशोधक दोघेही मूळचे भारतीय, हे विशेष! खरचटले की हळद दाबणे हे आपल्या आया-आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पण त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातल्या चालीरीतीला पुरावा म्हणून किंमत नव्हती. छापील कागद हवा. सीएसआयआर या आपल्या वैज्ञानिक परिषदेचे त्या वेळचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर मूळचे गोव्यातील माशेलचे. त्यांच्या कारकिर्दीत परिषदेने १९९६ साली या पेटंटास आव्हान दिले आणि ३२ छापील आधार पुढे ठेवले. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतील उतारे होते, आणि १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक लेखही होता. १९९७ साली पेटंट रद्द झाले. पुढे २००१ पासून जुन्या वैद्यकग्रंथांतील योग परदेशी पेटंट-परीक्षकांना वाचता यावेत म्हणून त्यांची टिपणे अनेक युरोपीय भाषांत तयार होऊ लागली. आजीचे शब्द संगणकात गेले, तेव्हा कुठे त्यांना साक्षीचा मान मिळाला.

या विजयाचे नगारे आपण पुष्कळ वाजविले. वस्तुतः ते पेटंट अमेरिकेपुरते होते. आपल्या घरची हळद त्याने कोणी हिरावली नसती. तत्त्व मोठे होते, झळ थोडी होती.

झळ लागली ती दुसऱ्या प्रकरणात. १९९० साली बर्कलीच्या मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवून दिले की, काही घराण्यांत मायलेकींना, बहिणी-बहिणींना होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचा संबंध सतराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाशी आहे. ते जनुक नेमके हाती लागले १९९४ साली, यूटा विद्यापीठाच्या मार्क स्कोल्निक यांच्या गटाला आणि त्यातून निघालेल्या मिरियड या कंपनीला. या कामी सरकारी पैसाही लागला होता. मात्र १९८० च्या बेह-डोल कायद्याने सरकारी पैशातून निघालेल्या शोधाची मालकी विद्यापीठांस ठेवता येऊ लागली होती. त्या बळावर बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांवर पेटंटे निघाली.

परिणाम काय झाला पाहा. ही चाचणी अमेरिकेत व्यवहारतः एकाच प्रयोगशाळेत होऊ लागली. खर्च तीन हजार डॉलरांच्या वर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रयोगशाळा हीच चाचणी करीत असे, तिला काम थांबवावे लागले. ज्या बाईच्या अहवालात दोष निघाला, तिने शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी दुसरीकडून खात्री करावी म्हटले, तर दुसरीकडे जायलाच जागा नव्हती. हे जनुक तिच्या आईकडून-बापाकडून आलेले, तिच्याच रक्तात वाहणारे! वैद्यकीय संघटना, संशोधक आणि काही रुग्ण स्त्रिया २००९ साली न्यायालयात गेल्या. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, निसर्गात असलेले जनुक वेगळे काढले म्हणून ते कोणाची निर्मिती ठरत नाही. प्रयोगशाळेत जुळविलेल्या प्रतिरूपावर मात्र हक्क मिळू शकतो, असेही ते म्हणाले. थोडक्यात, शोध लागणे वेगळे आणि लावणे वेगळे. निकाल लागला त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी स्वस्तात चाचणी करण्याची घोषणा केली. कंपनीचा खर्च खोटा नव्हता, हे मी मानतो. परंतु चाचणी करावयास इतर विद्यापीठे तयारच बसली असताना वाट अडविणे हे खर्चाच्या भरपाईत बसत नाही.

त्याच जूनच्या आरंभी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने आपल्या एका दीर्घ प्रयोगाचे फलित जाहीर केले. गर्भाशयाच्या मुखावर पातळ केलेले शिरक्याचे आम्ल लावावयाचे, मिनिटभर थांबायचे, दिव्याखाली पाहायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी वस्त्यांतून ही तपासणी केली. सुमारे दीड लाख स्त्रिया, १२ वर्षे. तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. उरलेल्या सुमारे निम्म्या स्त्रियांना तुलनेसाठी केवळ माहिती देण्यात आली, तपासणी नव्हे. यावर टीका झाली, आणि ती मला अकारण वाटत नाही. पेटंट नाही म्हणजे काम निर्मळच, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात मनुष्यावरील उपचाराची व निदानाची पद्धत आणि परंपरागत ज्ञान ही पेटंटच्या बाहेर ठेवली आहेत. उपकरण किंवा औषध मात्र आत येऊ शकते. मानांकनाच्या तक्त्यात अशा पेटंटांची संख्या मोजली जाते. त्यांतल्या किती मलमांचा आणि चाचण्यांचा उपयोग रुग्णांना झाला, याचा रकाना तेथे नाही.