नायकपण नाकारणाऱ्याची लांबलेली जबानी

केन्ड्रिक लमार हा आमचा आवडता रॅपर. त्याच्याविषयी जरा वेगळा सूर लावला की आमच्याच ओळखीतली तरुण मंडळी अंगावर येतात. परंतु आवडत्या माणसाची चिकित्सा करायची नाही, ही सवय आपल्याला परवडणारी नाही. ती गाण्याच्या बाबतीत तरी का लावून घ्यावी? म्हणून १३ मे २०२२ रोजी आलेल्या त्याच्या ‘मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स’ या अल्बमविषयी आमचे मत स्पष्ट मांडतो. हा अल्बम मोठ्या धैर्याचा आहे आणि तो नको तेवढा लांबलेला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

लमार १९८७ साली कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन येथे जन्मला. टोळीयुद्धांनी पोळलेले हे गाव. २०१५ च्या ‘टू पिम्प अ बटरफ्लाय’ मधील ‘ऑलराइट’ हे गाणे पोलिसी अत्याचाराविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या काळ्या तरुणांनी घोषणेसारखे म्हटले. २०१७ च्या ‘डॅम’ला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले, शास्त्रीय संगीत आणि जाझ यांच्या बाहेर हा सन्मान जाण्याची ती पहिलीच वेळ. ब्लॅक पँथरकडे पाहून १९७२ साली दलित पँथर उभी करणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला हा आवाज जवळचा वाटला, यात नवल नाही.

पाच वर्षांच्या खंडानंतर आलेल्या या अल्बममध्ये नऊ-नऊ गाण्यांचे दोन भाग आहेत. एकूण सुमारे ७३ मिनिटे. वास्तविक ‘बटरफ्लाय’ याहूनही मोठा, जवळजवळ ७९ मिनिटांचा होता. पण तो कधी लांब वाटला नाही. तिथे प्रत्येक गाणे आधीच्या गाण्याचा धागा पुढे नेत होते. इथे पहिल्या भागात तोच मुद्दा तीन-तीनदा येतो आणि मधली बोलकी तुकडेजोड ऐकणाऱ्याचा धीर पाहते. वकिलीत आम्ही रोज पाहतो, की सत्य सांगणारा साक्षीदारसुद्धा फार बोलू लागला की न्यायाधीशांचे लक्ष घड्याळाकडे जाते. २०१४ च्या अखेरीस बिलबोर्डने ऑनलाइन ऐकलेली १५०० गाणी म्हणजे एक अल्बम असा हिशेब सुरू केल्यापासून गाण्यांची संख्या वाढवण्याचा मोह बाजारानेच निर्माण केला. लमारने त्यासाठी अल्बम वाढवला असे आम्ही म्हणणार नाही. मात्र काटछाट व्हायला हवी होती, हे खरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोडॅक ब्लॅक या रॅपरला इथे अनेकदा बोलावले आहे. त्याच्यावर एका मुलीवरील लैंगिक अत्याचाराचा आरोप होता. २०२१ मध्ये कमी गंभीर गुन्हा कबूल करून त्याला स्थगित शिक्षा व प्रोबेशन मिळाले. कायद्याच्या दृष्टीने तो खटला संपला, आम्हाला तो पुन्हा चालवायचा नाही. परंतु बायकांच्या वेदनेविषयी बोलणाऱ्या अल्बममध्ये त्याला इतकी जागा आणि पीडितेला काहीच नाही, हा कुठला न्याय?

आणि तरीही अल्बम बाजूला ठेवता येत नाही. याचे कारण ‘मदर आय सोबर’. आईवर झालेला अत्याचार, त्या भीतीने लहानपणी त्याची झालेली उलटतपासणी, गुलामगिरीपासून काळ्या शरीरावर साचत आलेली हिंसा आणि स्वतः जोडीदाराशी केलेली प्रतारणा, हे सारे तो आवाज न चढवता सांगतो. शोषित समाजातल्या पुरुषाने आपल्याच घरातील अत्याचाराचा हिशेब मांडणे सोपे नसते. ‘समाजाची बदनामी होईल’ म्हणून किती घरांत तोंडे बंद केली जातात, हे आमच्याकडे येणाऱ्या बायका आम्हाला सांगतात. हे एक गाणे ऐकण्यासाठी उरलेले सतरा सोसावे लागले तरी आमची तक्रार नाही.

‘सेव्हियर’ या गाण्यात तो आपल्याला तारणहार मानू नका असे बजावतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे असा इशारा दिला होता. त्या इशाऱ्याशी नाते सांगणारी ही भूमिका आम्हाला मोलाची वाटते. पण मुखपृष्ठावर डोक्यावर काटेरी मुकुट आहे! तारणहार नाही म्हणायचे आणि ख्रिस्ताचा मुकुट घालायचा, या विसंगतीतून तो सुटलेला नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला त्याचा ‘जीएनएक्स’ १२ गाण्यांत, ४४ मिनिटांत आटोपतो. तो बांधेसूद आहे, पण त्यात अशी जखम उघडी केलेली नाही. आम्ही पुन्हा ऐकतो तो लांबलेलाच अल्बम. मात्र काही गाणी गाळून. लमारवर खरे प्रेम असणाऱ्या तरुणांनी एवढे तरी करावे. त्याने स्वतःच सांगितले आहे, मला देव करू नका. मग त्याच्या अल्बमची पोथी तरी कशाला करायची?