केस बळकट, पण मूळ?

घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करता येईल असा एक सोपा प्रयोग सांगतो. कंगव्यात अडकलेला एक लांब केस घ्या. त्याचे एक टोक चिकटपट्टीने टेबलाच्या कडेला पक्के करा. दुसऱ्या टोकाला कागदाचे हलके पारडे लावा आणि त्यात थोडी थोडी वाळू टाकत जा. केस तुटला की वाळू तोला. बहुतेक केस ५० ते १०० ग्रॅमच्या आसपास तुटतात. डोक्यावर असे सुमारे १ लाख केस असतात. गुणाकार केला तर उत्तर ५ टनांच्या वर जाते!

या गुणाकाराने पुष्कळांची फसगत होते. एवढ्या बळकट केसांना शे-दीडशे ग्रॅमचे जोडकेस काय जड, असे वाटू लागते. वेणी लांब व दाट दिसावी म्हणून आपल्या आज्या-पणज्या गंगावन लावीत. आज त्याच हौसेसाठी ‘हेअर एक्स्टेन्शन’ आले आहे. फरक आहे तो जोडणीत. गंगावन वेणीत गुंफले जाई आणि वेणी सोडली की निघून येई. आजचे बरेचसे जोडकेस मात्र मुळाजवळच्या थोड्याशा केसांना चिकटवून, बारीक कड्यांनी आवळून किंवा शिवून बसवतात आणि ते आठवडेच्या आठवडे तसेच राहतात.

आता हिशेब करू. ४० सेंटिमीटर लांबीच्या एका केसाचे वजन साधारण २ मिलिग्रॅम भरते. १ ग्रॅमची एक बट ५० केसांना जोडली, तर प्रत्येक केसावर २० मिलिग्रॅमचे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहापट, जादा ओझे येते. केस भिजले की ते आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषून घेतात. ओझे आणखी वाढते. विंचरताना किंवा झोपेत कूस बदलताना बसणारे हिसके वेगळेच.

“पण सर, २० मिलिग्रॅम कुठे आणि ५० ग्रॅम कुठे?” असे एखादा हुशार विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण आपण मोजले ते केसाच्या तंतूचे बळ. हा तंतू केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असून निर्जीव असतो. म्हणूनच केस कापताना दुखत नाही. सजीव असतो तो त्वचेखालील केशकूप, ज्यात केस तयार होतो. तंतू किती ग्रॅमला तुटतो यावरून केशकूप काय सोसू शकेल हे ठरत नाही. तेथे ओढ किती आणि ती किती काळ, हे दोन्ही पाहावे लागते.

ओढ सतत राहिली की केशकूपाभोवती दाह होतो आणि वाढणारा केस अकाली गळतो. पुढे त्या जागी बारीक, आखूड केस येऊ लागतात. हे वर्षानुवर्षे चालले तर केशकूपाच्या जागी वण तयार होतो आणि तेथे पुन्हा केस उगवत नाही. वैद्यकात याला ‘ट्रॅक्शन ॲलोपेशिया’, म्हणजे ओढीमुळे पडणारे टक्कल, असे नाव आहे. ग्रीनलंडमधील स्त्रिया केस वर ओढून घट्ट बांधीत. त्यांच्या कपाळाच्या कडेचे केस गेल्याची नोंद ट्रेबिट्श यांनी १९०७ साली केली. घट्ट जुडा बांधणाऱ्या शीख मुलांतही हा विकार आढळला आहे. म्हणजे ओझे नसले तरी नुसती ओढ पुरते.

म्हणूनच केवळ जोडकेसांना नावे ठेवून आपले काम संपत नाही. पुष्कळ शाळांत मुलींना दोन वेण्या सक्तीच्या असतात आणि एकही केस सुटू नये म्हणून त्या सकाळी करकचून घातल्या जातात. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की नियम नीटनेटक्या केसांचा असावा, घट्ट केसांचा नसावा. सैल वेणीने शिस्त बिघडत नाही. आणि एखादी मुलगी “डोके दुखते” म्हणाली, तर तो बहाणा समजू नये.

मुलींनो, आणि केस वाढवणाऱ्या मुलांनो, हौस जरूर करा. पण बांधलेले केस दुखत असतील तर ते लगेच सैल करा. केसांच्या मुळाशी पुटकुळ्या आल्या, खाज सुटली किंवा कानशिलाजवळचे केस विरळ दिसू लागले, तर जोडकेस काढून टाका आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ओढ वेळीच थांबली तर गेलेले केस बहुधा परत येतात. वण झाल्यावर मात्र ती संधी राहत नाही.