छायाचित्र सुधारण्याचे पहिले साधन

पूर्वी गिऱ्हाईक पेढीची पायरी चढले की गादीवर ठाण उलगडले जाई. कापडाचा पोत बोटांना कळे आणि रंग डोळ्यांना. आता तेच गिऱ्हाईक दूरच्या गावी घरी बसून फोनवर आलेले छायाचित्र पाहते आणि त्याच्या भरवशावर मागणी नोंदवते. कापड असो, सराफी असो वा भांडी, मालाच्या बरोबरीने मालाचे छायाचित्रही आता रोज हाताळावे लागते. घरचे प्रसंग तर आहेतच: तपस्वींच्या पारण्याचा फलक, पर्युषणातील क्षमापनेचा संदेश, वधू-वर परिचयपत्र, पेढीच्या स्मरणिकेसाठी पणजोबांचा पिवळा पडलेला फोटो. दर वेळी स्टुडिओ गाठण्यापेक्षा घरातल्याच कुणीतरी, बहुधा सुनेने किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने, हे काम शिकून घ्यावे असे ठरते. मग सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा प्रश्न येतो.

बाजारात याचे उत्तर ठरलेले आहे: फोटोशॉप. १९९० साली आलेल्या या सॉफ्टवेअरने असा जम बसवला आहे की छायाचित्रात फेरफार करण्याच्या क्रियेलाच लोक त्याचे नाव देतात. साधन उत्तम, यात शंका नाही. परंतु २०१३ साली कंपनीने धोरण बदलले आणि तेव्हापासून त्याच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळतात. वर्गणी थांबली की वापर थांबतो. रोज आठ तास छपाईपूर्व काम करणाऱ्याला ती परवडते. महिन्यातून चार छायाचित्रे कातरणाऱ्या घराने ती भरणे म्हणजे चार पाहुण्यांसाठी वर्षभर मंगल कार्यालय राखून ठेवण्यासारखे आहे. शिवाय नवख्या माणसापुढे पहिल्याच दिवशी लेयर, मास्क आणि चॅनेल यांचे रान उभे राहते, आणि तो ते बंद करून पुन्हा फोनकडे वळतो.

येथेच दुसरी वाट दाखवली जाते. संगणक दुरुस्त करणारा ओळखीचा माणूस ‘फुकटात चालू करून देतो’ म्हणतो आणि कुलूप तोडलेली प्रत संगणकावर चढते. व्यापारी घराने हा सौदा हिशेबाच्या दृष्टीनेही तपासून पाहावा. प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ६३ ब अन्वये, अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असताना संगणकावर सॉफ्टवेअर वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर व्यापारासाठी किंवा लाभासाठी नसेल तर न्यायालय कारावास माफ करू शकते. दुकानाच्या संगणकाला ती सवलत सांगता येत नाही. दुसरा धोका अधिक रोजचा आहे. कुलूप तोडण्यासाठी जे छोटे प्रोग्राम वापरले जातात, त्यांच्याबरोबर आत काय शिरले हे कुणालाच ठाऊक नसते, आणि पेढीवर बहुधा त्याच संगणकावर खातेवही, जीएसटीची विवरणे आणि बँकेचा व्यवहार असतो. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत चोरून आणलेली वस्तू घेणे स्वतंत्रपणे गणले आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

तेव्हा निवड सॉफ्टवेअरच्या नावापासून न करता कामापासून करावी. दुकानाला आणि घराला बहुतेक वेळा चारच गोष्टी लागतात: कडा कातरणे, वाकडे सरळ करणे, उजेड कमी-जास्त करणे आणि रंगाचा तोल साधणे. पहिल्या तीन गोष्टी प्रत्येक फोनच्या गॅलरीत मुळातच असतात. त्यासाठी काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. चौथीसाठी गूगलच्या मालकीचे स्नॅपसीड पुरेसे आहे. ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मोफत मिळते, जाहिराती दाखवत नाही, आणि एखादा डाग किंवा भिंतीवरचा खिळा पुसण्यासाठी त्यात ‘हीलिंग’ नावाचे हत्यारही आहे. नवख्याने पहिला महिना एवढ्यावरच काढावा.

रंगाचा तोल हा भाग मात्र सावकाश शिकण्यासारखा आहे, कारण व्यापाराचे नुकसान येथेच होते. दुकानातील पिवळसर दिव्याखाली पूजेचे पांढरेशुभ्र वस्त्र छायाचित्रात मोतिया दिसते आणि गडद निळा काळ्याकडे झुकतो. माणसाचा डोळा दिव्याचा पिवळेपणा मनातल्या मनात वजा करतो; कॅमेरा तसा प्रयत्न करतो, पण एका बाजूने दिवा आणि दुसऱ्या बाजूने दारातला उजेड आला की तो गोंधळतो. उपाय सोपा आहे. माल दाराजवळच्या सावलीत न्यावा, आतले दिवे बंद करावेत, आणि मालाच्या कडेला एक कोरा पांढरा कागद ठेवून छायाचित्र घ्यावे. नंतर ‘व्हाइट बॅलन्स’मधील ठिपका त्या कागदावर टेकवला की सॉफ्टवेअर कागदाला पांढरे मानून बाकीचे रंग त्या मानाने सरकवते. काम झाल्यावर कागद कातरून टाकावा. महागड्या साधनातही तत्त्व हेच असते.

याच्या शेजारीच ‘सॅच्युरेशन’ची पट्टी असते आणि तिचा मोह अनावर असतो. ती थोडी उजवीकडे सरकवली की साडी खुलते, सोने झळकते. आणखी सरकवली की राणी आणि लाल यांतील भेद पुसट होतो, भडक रंगात विणीचा तपशील बुजतो, आणि आमसुली साडी मागवणाऱ्या भगिनीच्या हाती भलताच रंग पडतो. पार्सल परत येते, वाहतुकीचा खर्च अंगावर पडतो. त्याहून वाईट म्हणजे ती पुन्हा मागणी नोंदवत नाही आणि चार ठिकाणी सांगते. ग्राहक संरक्षणाच्या २०२० मधील ई-कॉमर्स नियमांनुसार, ऑनलाइन बाजारमंचावर विकलेल्या मालाची वैशिष्ट्ये जाहिरातीप्रमाणे नसतील तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. म्हणून संपादन संपल्यावर फोन प्रत्यक्ष मालाशेजारी धरून दिवसाच्या उजेडात दोन्ही पाहावेत. दोन वेगळ्या फोनांवर पाहिले तर अधिक बरे, कारण काही फोनांचे पडदे स्वतःच रंग भडक दाखवतात.

परिचयपत्राच्या छायाचित्राबद्दल एवढेच, की अनेक फोनांच्या पुढच्या कॅमेऱ्यात ‘ब्यूटी’ची सोय आधीपासून चालू असते. कुणीही काहीही न करता वर्ण उजळतो आणि गालावरचा तीळ नाहीसा होतो. छायाचित्र घेण्यापूर्वी ती बंद करावी. पहिल्या भेटीत दोन्हीकडच्या मंडळींचा अवघडलेपणा वाचतो.

फोनवर न भागणारी कामे आली की संगणकाकडे वळावे. स्मरणिकेची पाने, फलक, एका छायाचित्रातील व्यक्ती दुसऱ्या पार्श्वभूमीवर ठेवणे, ही ती कामे. येथेही पैसे न देता मिळणारी तीन साधने विचारात घेण्याजोगी आहेत. गिम्प हे १९९६ पासून लोकांच्या हाती असलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. जुन्या संगणकावरही चालते, वर्गणी नाही, नोंदणी नाही. त्याची एक खोड नवख्याला हमखास चकवते: ‘सेव्ह’ केल्यावर ते आपल्याच स्वरूपातील फाइल तयार करते, आणि ती व्हॉट्सॲपवर उघडत नाही. नेहमीची जेपेग प्रत हवी असेल तर ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. दुसरे फोटोपी. ते ब्राउझरमध्येच चालते, फोटोशॉपच्या फाइली उघडते आणि काम आपल्याच संगणकावर करते, छायाचित्र कुठे पाठवत नाही. लग्नपत्रिका करणाऱ्याने फोटोशॉपमधील फाइल पाठवली आणि त्यात फक्त एक तारीख बदलायची असेल, तेव्हा याची किंमत कळते. बाजूला जाहिराती दिसतात, त्या सहन कराव्यात. तिसरे ॲफिनिटी. एकरकमी किमतीला विकले जाणारे हे सॉफ्टवेअर कॅनव्हा कंपनीने २०२४ मध्ये घेतले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मोफत केले. त्यासाठी कॅनव्हाचे खाते मात्र उघडावे लागते. तिन्हींत ते सर्वांत देखणे आणि सर्वांत सामर्थ्यवान आहे, पण त्याला संगणकही बऱ्यापैकी नवा लागतो. ज्या घरी गंभीरपणे शिकणारे कुणी आहे, तेथे ते घ्यावे. बाकीच्यांनी फोटोपीपासून सुरुवात करावी. खुद्द कॅनव्हा शुभेच्छापत्रांसाठी सोयीचे आहे, परंतु पार्श्वभूमी काढण्यासारख्या सोयी सशुल्क आहेत. ‘सात दिवस मोफत’ असे म्हणत कार्डाचा क्रमांक मागितला गेला, तर आठव्या दिवशी काय कापले जाणार आहे हे आधी वाचून घ्यावे.

कोणतेही साधन निवडण्यापूर्वी एक मराठी कसोटी लावावी. त्यात ‘मिच्छामि दुक्कडं’ असे टंकित करून पाहावे. वेलांटी ‘म’च्या आधी आली, ‘च्छ’ आणि ‘क्क’ नीट जोडले गेले, अनुस्वार जागेवर बसला, तर साधन देवनागरीला समर्थ आहे. वेलांटी मागे पडली आणि जोडाक्षरे फुटली, तर दर वर्षी क्षमापनेचा संदेश चुकीचा छापला जाईल. गिम्प या कसोटीला उतरते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्या, ज्या अनधिकृत प्रतींच्या रूपाने अजून फिरत असतात, येथेच नापास होतात. नव्या आवृत्तीतही अक्षरांच्या मांडणीसाठी दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागू शकतो.

छापखान्यात छायाचित्र पाठवताना आकडा पाहावा. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे ४ बाय ६ इंचाच्या छायाचित्राला किमान १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठवलेले छायाचित्र आक्रसते, म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्याची पद्धत पडली आहे. ती योग्य आहे; मात्र अशा फाइलीबरोबर छायाचित्र कुठे घेतले त्या जागेची नोंदही जाऊ शकते. घरी ठेवलेल्या दागिन्यांची छायाचित्रे पाठवणाऱ्या सराफांनी कॅमेऱ्यातील स्थाननोंद बंद ठेवलेली बरी.

राहिला पणजोबांचा फोटो. हल्ली एका स्पर्शात जुने छायाचित्र ‘नवे’ करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप आली आहेत आणि त्यांचा परिणाम क्षणभर थक्क करतो. परंतु नखाएवढ्या चेहऱ्यात डोळ्यांचा तपशील कागदावर उरलेलाच नसतो. ते ॲप असंख्य परक्या चेहऱ्यांवरून शिकलेले असते आणि रिकाम्या जागी अनुमानाने डोळे, ओठ, भुवया बसवते. पगडीच्या पेचांचेही तेच होते. ज्या पेचांवरून घराण्याचे मूळ गाव ओळखता येई, ते भलत्याच तऱ्हेने वळतात. स्मरणिकेत छापला जातो तो कुणी तिसराच गृहस्थ, आणि पणजोबांना पाहिलेले माणूस घरात उरले नसेल तर नातवंडांच्या लेखी तोच खरा ठरतो. त्यापेक्षा मूळ प्रत स्वच्छ काचेवर ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करावी. गिम्प किंवा फोटोपीत ‘लेव्हल्स’ने पिवळेपणा काढावा आणि चिरा व डाग ‘हीलिंग’ने एकेक करून बुजवावेत. चेहऱ्यावर हत्यार शक्यतो चालवूच नये. एखादी संध्याकाळ जाते, पण दिसतात ते पणजोबाच. छापण्यापूर्वी ती प्रत घरातील सर्वांत वडीलधाऱ्या आजींना दाखवावी. मूळ स्कॅन निराळ्या नावाने जपून ठेवावे आणि त्यावर कधीही काम करू नये, कारण जेपेग फाइल प्रत्येक वेळी उघडून, बदलून पुन्हा साठवली की थोडी झिजते. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने नाव, मिती किंवा स्टुडिओचा शिक्का असेल, तर ती बाजूही त्याच बैठकीत स्कॅन करून घ्यावी.