फेस आला, पुढे काय?



२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली या दिवशी सर सी. व्ही. रामन यांनी आपला प्रसिद्ध शोध लावला, म्हणून १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो. त्या दिवशी शाळाशाळांतून एक प्रयोग हमखास दिसतो. मातीचा डोंगर करायचा, त्याच्या पोटात खायचा सोडा घालायचा आणि वरून लिंबू पिळायचे. फसफस फेस येतो. सगळे टाळ्या वाजवतात अन् पुढच्या टेबलाकडे पळतात.

माझे मत असे की, टाळ्या वाजल्या म्हणून प्रयोग संपला असे समजू नये. खरा प्रयोग तिथून पुढे आहे.

का ते सांगते. तीन पेले घ्या. पहिल्यात रिठ्याचे पाणी घालून खूप घुसळा. दुसऱ्यात सोडा आणि लिंबाचा रस घाला. तिसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे जखम धुवायला वापरतात ते पातळ औषध, आणि कच्च्या बटाट्याचा कीस टाका. तिन्ही पेल्यांत फेस येईल. दुरून बघणाऱ्याला तिन्ही फेस सारखेच वाटतील.

आता एक पेटलेली उदबत्ती घ्या आणि तिचे लाल टोक फेसाला न टेकवता एकेका पेल्यात धरा. रिठ्याच्या पेल्यात काही फरक पडत नाही, कारण त्या फेसात आपली नेहमीचीच हवा असते. सोडा-लिंबाच्या पेल्यात उदबत्ती विझते, कारण तिथे कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे पेल्यात साचून राहतो. तिसऱ्या पेल्यात मात्र उदबत्ती जास्त लालभडक होते, कारण तिथे ऑक्सिजन वायू असतो. बटाट्यातल्या एका द्रव्यामुळे पेरॉक्साइडचे झटपट पाणी आणि ऑक्सिजन होतात.

बघा, फेस तिन्हीकडे पांढराच, पण एक विझवतो, एक पेटवतो आणि एक काहीच करत नाही! नुसते बघून हे कुणाला तरी कळले असते का? उद्या कुणी बुवा आला, चिमूटभर पांढरी पूड पाण्यात टाकून फेस काढला आणि "हा अंगारा" म्हणाला, तर टाळ्या वाजवायची सवय असलेला माणूस हात जोडेल. तपासायची सवय असलेला विचारील, "बुवा, पूड कसली? पाण्यात आधी लिंबू पिळलंय का?"

काही जण म्हणतात, लहान मुलांच्या हातात रसायने कशाला? त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. तीव्र पेरॉक्साइडने कातडी भाजते, म्हणून तिसरा पेला गुरुजींनी किंवा बाईंनीच हाताळावा, आणि उदबत्ती त्यांच्यासमोरच धरावी. सोडा-लिंबाच्या बाटलीला बूच लावू नये, वायू कोंडून ती फुटू शकते. पण सोडा आणि लिंबू तर आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत. ते तरी प्रत्येकाच्या हातात द्यावेत. एकाने करायचे आणि चाळीस जणांनी माना उंचावून बघायचे, यात मागे बसणाऱ्यांना काय दिसणार? पाच-पाचांचे गट करावेत. आणि मुलींकडे फक्त पेले धुवायचे काम नको, पिळायला लिंबूसुद्धा द्यावे!

दुसरे काही म्हणतात, परीक्षेत फेसाला मार्क किती? परीक्षेत नसतील कदाचित. पण "कशावरून?" असे विचारायची सवय जन्मभर उपयोगी पडते.

पालकांना एक विनंती. आज घरी गेल्यावर "काय पाहिलंस रे?" एवढेच विचारू नका. "ते कशावरून कळलं?" असेही विचारा. आम्हाला सांगता आले नाही, तर उद्या परत शाळेत पाठवा. आम्ही तपासून येऊ.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी