राजवाडा नवा आहे, हा दोष नव्हे

मंडालेला जाऊन आलेल्या माणसाला राजवाड्याबद्दल विचारलं, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: तिथे काही नाही, सगळं नवीन बांधलेलं आहे. वेळ थोडा असेल तर राजवाडा सोडा, त्यापेक्षा मंडालेच्या टेकडीवर जा, असा सल्लाही सोबत येतो. अशी उत्तरं देणारे चांगले वाचणारे, भटकणारे लोक असतात आणि म्हणूनच त्यांचं मत खोडून काढणं मला आवश्यक वाटतं. मंडालेचा राजवाडा ज्या पद्धतीने पुन्हा उभा केला गेला, तिचं समर्थन मी करणार नाही. त्या कामावर माझे आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. पण ‘नवा आहे’ हा आक्षेप त्यांत बसत नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. ब्रह्मदेशाचा राजा मिंदोन याने १८५७ मध्ये मंडाले नगर वसवायला घेतलं. चौरस तट, प्रत्येक बाजू सुमारे दोन किलोमीटर, बारा दरवाजे, भोवती रुंद खंदक आणि मधोमध सागवानी राजवाडा. सिंहासनावर सात टप्प्यांचं निमुळतं शिखर होतं आणि तिथेच जगाचा मध्य आहे अशी लोकांची श्रद्धा होती. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मिंदोनचा मुलगा थिबा याला पदच्युत करून नेलं आणि राजवाड्याला ‘फोर्ट डफरिन’ ही लष्करी छावणी केलं. मार्च १९४५ मध्ये जपान्यांकडून हा किल्ला परत घेताना झालेल्या बॉम्ब-तोफांच्या माऱ्यात राजवाडा जळून गेला. पुढे चार दशकं ती जागा जवळपास मोकळीच होती. १९८९ नंतर लष्करी राजवटीने तिथे जुन्या आराखड्याप्रमाणे नव्या इमारती उठवल्या, आणि त्यासाठी काँक्रीट आणि पत्रा सढळ हाताने वापरला. आक्षेप घेणारे म्हणतात की कारागिराचा हात, काळाने उमटवलेला रंग आणि प्रत्यक्ष राजाने वावरलेली जमीन हे तिन्ही गेल्यावर राहिला तो देखावा. त्यांच्या बाजूला १९६४ ची व्हेनिसची सनदही आहे. जिथे तर्काला सुरुवात होते तिथे जीर्णोद्धाराने थांबावं, असं ती सांगते. जगभरचे वास्तुसंवर्धक आजही तिचा आधार घेतात.

हा पक्ष भक्कम आहे. पण तो एक गोष्ट गृहीत धरतो: १९४५ मध्ये जळाला तो राजवाडा एकदाच, एकाच जागी, एकाच लाकडातून घडलेला ‘मूळ’ राजवाडा होता. इतिहास तसं सांगत नाही. मिंदोनने मंडालेचा राजवाडा सगळा नव्याने बांधलाच नव्हता. त्याची आधीची राजधानी अमरापूर, मंडालेपासून दहा-बारा किलोमीटरवर. तिथल्या राजवाड्याच्या इमारती त्याने उतरवल्या, खांब आणि तुळया हत्तींवर लादून आणल्या आणि नव्या जागी पुन्हा जोडल्या. ज्याला आपण अस्सल म्हणून हळहळतो, तो मुळात पुनर्रचित राजवाडा होता.

याच्याहून मोठा दाखला श्वेनंदाव मठाचा. आज मंडालेत जुना राजवाडा म्हणून जे काही खरोखर उरलं आहे, ते मुख्यतः एवढंच. हे मूळचं मिंदोनचं दालन. त्यातच त्याचा मृत्यू झाला. थिबाने १८८० च्या सुमारास ते राजवाड्यातून उतरवलं आणि तटाबाहेर नेऊन मठ म्हणून उभं केलं. राजवाडा जळाला तेव्हा हे दालन आगीच्या बाहेर होतं म्हणून वाचलं. त्याच्या भिंतींवरचं सागवानी कोरीव काम तासभर पाहिलं तरी मन भरत नाही. आतला सोन्याचा मुलामा अजून उजळ आहे, बाहेरचा ऊनपावसाने उतरून लाकूड काळपट पडलं आहे. मंडालेला जाणाऱ्या प्रत्येकाने हे पाहावंच. पण पाहताना हे ध्यानात ठेवावं की आपण अस्सल म्हणून ज्याला हात लावतो आहोत, ते आपल्या मूळ जागी नाही. ते हलवलं गेलं म्हणूनच टिकलं. लाकडी वास्तूंच्या देशात उतरवणं आणि पुन्हा उभारणं हीच टिकवण्याची रीत होती.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलेल्या काशी विश्वेश्वराच्या मंदिराला कोणी प्रतिकृती म्हणत नाही. जीर्णोद्धार हा आपल्या परंपरेत पुण्याचा भाग आहे. एक फरक मात्र मान्य केलाच पाहिजे. देवळात देव हे कारण पुरेसं असतं. वस्तुसंग्रहालयाला तेवढ्यावर भागत नाही, कारण ते पाहणाऱ्याला ‘हे असं होतं’ असं सांगत असतं, आणि जो असं सांगतो त्याच्याकडे पुरावा मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मग नव्या राजवाड्यात पाहायचं काय? रचना. ब्रह्मी राजवाडा ही एकच भव्य इमारत नव्हती. एका उंच जोत्यावर पूर्व-पश्चिम ओळीने मांडलेली अनेक दालनं असा तो समूह होता. पूर्वेला दरबार आणि सिंहासन, त्यामागे राजाचं खासगी जग, पश्चिमेला राण्यांची बाजू. कोण कुठल्या पायरीपर्यंत येऊ शकतो, कुणासमोर कुठे बसावं लागतं, कुठला दरवाजा कुणासाठी, हे सगळं राज्य जमिनीवर आखलेलं होतं. हे नकाशात वाचता येतं, पण पायांना कळत नाही. पूर्वेच्या दरवाजातून आत शिरून तो लांबलचक सरळ रस्ता चालताना, मग जोतं चढून दालनामागून दालन ओलांडताना, राजा आणि रयत यांच्यातलं अंतर किती विचारपूर्वक बांधलेलं होतं हे मला प्रथम समजलं. टेहळणीच्या मनोऱ्यावर चढल्यावर तर छपरांची सगळी रांग एका नजरेत येते. खाली आहे ते काँक्रीट आहे हे मला माहीत होतं, पण मांडणी खोटी नव्हती. पुरातत्त्व खात्याच्या शार्ल द्युरोआझेल यांनी १९२५ मध्ये या राजवाड्याची मार्गदर्शिका आराखड्यासह छापली होती आणि इंग्रजी अमदानीतली छायाचित्रंही भरपूर आहेत. म्हणजे तर्काला जागा कमी होती. व्हेनिसच्या सनदेतली कसोटी लावली तर मंडालेची मांडणी बऱ्याच अंशी तिला उतरते.

आता अस्सल वस्तूंची अवस्था पाहू. मंडालेचं जे एक सिंहासन मूळ रूपात वाचलं, ते इंग्रजांनी कलकत्त्याच्या संग्रहालयात नेऊन ठेवलं होतं. १९४८ मध्ये ते परत आलं आणि आज यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लंडनला गेलेले राजचिन्हांचे अलंकार १९६४ मध्ये परत आले. सिंहासनाचं लाकडी कोरीव काम अप्रतिम आहे. पण त्याच्यापुढे दरबार नाही, वर शिखर नाही, मागे दरवाजा उघडून राजा येणार असा अवकाश नाही. यांगूनमध्ये सिंहासन आहे आणि सभा नाही. मंडालेत सभा आहे आणि सिंहासनाची प्रतिकृती. एकाला खरं म्हणून दुसऱ्याला फेकून दिलं तर दोन्ही अर्धवट राहतात.

केवळ अस्सलपणा पुरेसा नसतो, याचा पुरावा आपल्या रत्नागिरीत उभा आहे. थिबा पॅलेस शंभर टक्के अस्सल आहे. १९१० मध्ये बांधून झाला, थिबा तिथे राहिला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. उतरती छपरं, कमानीच्या खिडक्या, समोर खाडी आणि समुद्र. तिथली प्रत्येक वीट त्या काळाची आहे. पण ब्रह्मदेशाचा राजा कसा राहत होता हे ती वास्तू सांगू शकत नाही, कारण ती इंग्रजांनी कैद्यासाठी बांधलेली वास्तू आहे. राजाचं राजेपण काढून घेतल्यावर काय उरतं ते रत्नागिरीत दिसतं. काय काढून घेतलं, ते पाहायला मंडालेलाच जावं लागतं. थिबा पॅलेस पाहिलेल्या प्रत्येक कोकणवासीयाने शक्य झालं तर तिकडे जावं असं मी म्हणतो ते यासाठी.

आणखी एक गोष्ट मला या शुद्धतावादात पटत नाही. जळालेलं पुन्हा बांधायचंच नाही असं ठरवलं, तर शेवटचा शब्द जाळणाऱ्याचा ठरतो. वॉर्साच्या राजवाड्याचं उदाहरण घ्या. १९३९ च्या बॉम्बहल्ल्यात तो जखमी झाला. तेव्हा कला-इतिहासकार स्तानिस्वाव लोरेंत्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवावर उदार होऊन कोरीव तुकडे, चित्रं, चौकटी बाहेर काढल्या. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी सुरुंग लावून वाडा उडवला. १९७१ मध्ये तो पुन्हा बांधायचं ठरलं, देशोदेशीच्या पोलिश लोकांनी वर्गणी दिली आणि वाचवलेले तुकडे नव्या भिंतींत आपापल्या जागी बसवले गेले. १९८४ पासून लोक तो पाहत आहेत. वॉर्साचं पुन्हा बांधलेलं जुनं शहर तर १९८० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि ज्या कारणासाठी गेलं त्यात ही पुनर्बांधणी हेच मुख्य होतं.

वॉर्साचं नाव घेतल्यावर मंडालेचा खरा दोष लपवता येत नाही. वॉर्सा लोकांनी बांधलं. मंडाले लोकांकडून बांधवून घेतलं. १९९० च्या दशकात पर्यटकांसाठी शहर सजवताना खंदक उपसायला नागरिकांना आणि कैद्यांना वेठीला जुंपलं गेलं. मानवी हक्क संघटनांनी हे तेव्हाच जगापुढे मांडलं होतं. ज्या राजवटीने हे केलं, तिचं लष्कर अजून तटाच्या आत बसलेलं आहे. परदेशी माणसाला पूर्वेच्या एकाच दरवाजाने प्रवेश मिळतो आणि नेमून दिलेल्या वाटेपलीकडे जाता येत नाही. काँक्रीटच्या खांबांना लाकडाचा आव आणणारा रंग आहे. यातला कुठला भाग पुराव्याने बांधला आणि कुठला अंदाजाने, हे वेगळं करून सांगणारं मला तिथे काही आढळलं नाही. इंग्रजांनी याच दालनांत क्लब आणि चर्च थाटलं होतं, व्हाइसरॉय कर्झनने १९०१ च्या भेटीनंतर ते हलवायला लावलं, याच तटाच्या आतल्या तुरुंगात १९०८ ते १९१४ लोकमान्य टिळक होते आणि ‘गीतारहस्य’ त्यांनी तिथे लिहिलं, हा सगळा त्या जागेचा इतिहास आहे. १८८५ पाशी थांबलेला राजवाडा निम्मं बोलतो. माझा आक्षेप या वेठबिगारीला आणि या मौनाला आहे. नवेपणाचं बोट दाखवून मंडाले सोडून देणारे लोक नकळत या खऱ्या अपराधांची चौकशीच टाळतात.

दुसरी बाजूही आहे, आणि ती महाराष्ट्रात जास्त बोलते. ती म्हणते: मग आपणही बांधू. रायगडावरचा महाराजांचा वाडा जसा होता तसा उभारू, शनिवारवाड्याचे मजले पुन्हा चढवू. या मागणीमागचं प्रेम मला कळतं. तरी मी तिच्या विरोधात आहे. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनाधिकारी प्रॉथरच्या तोफांनी रायगड पेटला, १८२८ च्या आगीत शनिवारवाडा गेला. दोन्हीकडे जोती उरली. त्या जोत्यांवर नेमकं काय होतं, खांबांची नक्षी कशी, छपराचा उतार किती, याचा मंडालेसारखा मोजमापांचा आराखडा आणि छायाचित्रं आपल्याकडे नाहीत. तिथे बांधणं म्हणजे जोत्यासारखा एकमेव साक्षीदार आपल्या कल्पनेखाली गाडणं. ब्रह्मदेशातच याचा नमुना आहे. बागोचा कंबाव्झताडी राजवाडा सोळाव्या शतकातल्या बयिन्नाउंग राजाचा. तो १५९९ मध्ये जळाला आणि १९९० नंतर उत्खननातल्या खांबांच्या जागांवरून नव्याने उठवला गेला. वरचं सगळं सोनेरी दृश्य अंदाजाचं आहे. रायगडाला जुलै २०२५ मध्ये बाकी मराठा दुर्गांसोबत जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, ती जशी आहेत तशा जोत्यांसह. पूर्ण उंचीचा वाडा पाहायचा असेल तर तो पायथ्याशी, वेगळ्या जागी, ‘हा अभ्यासकांचा अंदाज आहे’ असं लिहून बांधावा. मी तो आवडीने पाहीन.

बागोच्या उत्खननात निघालेल्या मूळ सागवानी खांबांपैकी बऱ्याच खांबांवर मोन भाषेत मजकूर कोरलेला सापडला. तो खांब कुठून आला, कोणत्या गावाने दिला, हे त्यात आहे. एवढ्या मोठ्या राजाच्या वाड्यातही खांब देणाऱ्याचं नाव खांबावर होतं. मंडालेतही आता हे आठवायला हवं. २८ मार्च २०२५ च्या भूकंपात मंडालेच्या तटाचे काही भाग कोसळले. हा तट १९४५ च्या युद्धातून वाचलेला, मिंदोनच्या काळचा. आता त्याचीही डागडुजी करावी लागणार, म्हणजे अस्सल तटातही नव्या विटा येणार. त्या आणाव्यातच. पण जुन्या-नव्याची सीमा डोळ्यांना दिसेल अशी ठेवावी, नव्या भागावर साल घालावं, काम करणाऱ्यांना मजुरी द्यावी आणि बागोच्या खांबांप्रमाणे त्यांची नावं तिथे लिहावीत.